भाषा परकी, वाट आपली

परदेशप्रवासाचा बेत पक्का झाला की मनात तीन चिंता घर करतात : पैशांची, खाण्याची आणि भाषेची. पहिली आपण हिशेब मांडून मिटवतो, दुसरी फराळाचे डबे भरून. तिसरीवर मात्र 'इंग्रजी येते ना, मग निभावेल' एवढेच उत्तर आपल्यापाशी असते. इंग्लंड, अमेरिका किंवा सिंगापूर येथे ते निभावतेही. जपानमध्ये मात्र हे उत्तर किती तोकडे आहे, याचा अनुभव मला एका संध्याकाळी आला.

टोकियोतील शिंजुकु हे प्रवासीसंख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत गजबजलेले रेल्वे स्थानक. बाहेर पडण्याचे मार्गच दोनशेहून अधिक. कचेऱ्या सुटण्याच्या वेळी आम्ही उभयता तेथून उएनो भागातील आमच्या हॉटेलकडे परतत होतो. यामानोते मार्गाची गाडी आली. मी आत शिरलो, मधल्या लोंढ्यात पत्नी फलाटावरच राहिली आणि दारे मिटली. काचेपलीकडचा तिचा गोंधळलेला चेहरा क्षणभर दिसला आणि गाडी सुटली. फोन माझ्या खिशात, पैशांचे पाकीटही माझ्याच खिशात. तिला मराठी उत्तम, हिंदी कामापुरती आणि इंग्रजी पाटीवरची अक्षरे जुळवून वाचण्याइतकी. चुकामूक झाली तर काय करायचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते.

पुढच्या स्थानकावर उतरून मी मागे फिरलो. परतीची गाडी शिंजुकुला वेगळ्याच फलाटावर थांबते, हे तेथे पोहोचल्यावर कळले. जिने चढून-उतरून मूळ जागी आलो, तर ती तेथे नव्हती. एका कर्मचाऱ्याला गाठून मी इंग्रजीत सारी हकीकत सांगू लागलो. तो अदबीने ऐकत होता, 'हाइ, हाइ' म्हणत मान लववीत होता. त्याला समजले असे मानून मी अधिकच वेगाने बोलत राहिलो. जपानी 'हाइ'चा अर्थ 'होय' असा असला, तरी 'मी ऐकतो आहे' एवढ्यासाठीही तो उच्चारला जातो, हे मला फार उशिरा कळले. तासाभराच्या शोधानंतर, हातपाय गळालेल्या अवस्थेत मी हॉटेलवर पोहोचलो. स्वागतकक्षात पत्नी हिरवा चहा घेत शांतपणे बसली होती.

अस्खलित इंग्रजी बोलणारा मी स्थानकात भरकटत राहिलो आणि केवळ मराठीच्या बळावर ती सुखरूप मुक्कामी पोहोचली. हे कसे घडले? त्याचे अर्धे श्रेय तिच्या प्रसंगावधानाला आहे आणि अर्धे त्या देशाने उभारलेल्या एका मूक भाषेला. आधी त्या मूक भाषेविषयी.

न वाचता कळणाऱ्या पाट्या

जपानी लेखनात तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या उच्चारानुसारी, तर कांजी ही चिनी मूळ असलेली अर्थवाही चिन्हे. नित्य वापरासाठी शासनाने मान्य केलेल्या कांजींची संख्याच २,१३६ आहे. इतकी चिन्हे परदेशी पाहुण्याने शिकून यावीत, अशी अपेक्षा कोणी करणे शक्य नव्हते. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. जगभरातून येणाऱ्या खेळाडूंना आणि प्रेक्षकांना स्वच्छतागृह, दूरध्वनी, उपाहारगृह कसे दाखवायचे? कलासंयोजक मासारु कात्सुमि यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण आरेखनकारांनी खेळांसाठी आणि सोयीसुविधांसाठी साधी, रेखीव चित्रचिन्हे तयार केली. विशेष म्हणजे, ही चिन्हे सर्वांना मुक्तपणे वापरता यावीत यासाठी त्यांनी त्यांवरील स्वामित्वहक्क सोडून दिला.

आपल्याकडील चित्रपटगृहांत, विमानतळांवर हिरव्या पाटीवर दारातून धावत निघालेला माणूस आपण पाहतो. तोही जपानचाच. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील मोठ्या दुकानांना लागलेल्या भीषण आगींनंतर, धुरातही चटकन ओळखू येईल अशा चिन्हाचा शोध सुरू झाला. युकिओ ओता यांनी त्याला अखेरचे रूप दिले आणि पुढच्या दशकात ते आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाले.

पायाखालीही अशीच एक लिपी आहे. रेल्वे फलाटांवर आणि पदपथांवर पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरशा बसवलेल्या असतात. लांबट पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, सावध व्हा'. दृष्टिहीनांसाठी सेइइचि मियाके यांनी १९६५ मध्ये या फरशा शोधून काढल्या आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. हे तेच ओकायामा, ज्याच्याशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान फुलले आहे. आज आपल्या मेट्रोच्या फलाटांवरही याच फरशा दिसतात.

जपानी नकाशा पाहताना भारतीय माणसाला सुखद धक्का बसतो, तो स्वस्तिकामुळे. तेथील नकाशांत बौद्ध मंदिराची जागा स्वस्तिकाने दाखवतात. काही कांजीही चित्रासारख्या लक्षात राहतात. 'बाहेर जाण्याचा मार्ग' या अर्थाच्या दोन चिन्हांपैकी दुसरे म्हणजे निव्वळ एक चौकोन. त्याचा अर्थ 'तोंड'. आपणही गल्लीचे तोंड, बोगद्याचे तोंड असे म्हणतोच. तो चौकोन ओळखता आला की दार कोठे आहे, हे निम्मे समजले.

रंग, अक्षर आणि आकडा

टोकियोच्या रेल्वेचे जाळे कागदावर पाहिले तर विस्कटलेल्या लोकरीच्या गुंड्याची आठवण होते. येथील गिंझा मार्ग १९२७ साली सुरू झाला. तो आशियातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग. त्यानंतर मार्गांत मार्ग गुंतत गेले. स्थानकांची नावे लांब आणि परक्या कानाला सारखीच वाटणारी. यावर उपाय म्हणून २००४ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेने प्रत्येक मार्गाला एक रंग व रोमन अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला क्रमांक देण्याची पद्धत अवलंबिली. गिंझा मार्गाचा रंग नारिंगी, अक्षर 'जी'. शिबुया 'जी १', उएनो 'जी १६', तर आसाकुसा 'जी १९'. आपण १६ वर चढलो आणि पुढचे स्थानक १७ आले, तर गाडी आसाकुसाकडे चालली आहे. १५ आले, तर दिशा चुकली. नाव वाचण्याची गरजच नाही.

उपनगरी रेल्वेनेही २०१६ पासून हीच पद्धत स्वीकारली. शहराला वेढा घालणारा यामानोते मार्ग पोपटी रंगाचा, अक्षरे 'जेवाय'. त्यावर तीस स्थानके आहेत आणि पूर्ण फेरीला सुमारे एक तास लागतो. शिंजुकु १७, उएनो ५. या मार्गाचा मोठा गुण असा की, तो वर्तुळाकार असल्याने चुकीच्या दिशेने बसलेला प्रवासीही वेळ दवडून का होईना, बहुधा इच्छित स्थळी पोहोचतोच.

तिकिटाच्या बाबतीत, आधी पैसे भरून ठेवण्याचे सुइका किंवा पास्मो यांसारखे कार्ड सोयीचे. दारावरील यंत्राला ते टेकवले की भाडे आपोआप वळते होते. २०१३ पासून अशी दहा प्रमुख कार्डे देशभर परस्परांच्या हद्दीत चालतात. कागदी तिकीट काढले आणि रक्कम कमी पडली, तरी घाबरण्याचे कारण नाही. बाहेर पडण्यापूर्वी फरक भरण्याची यंत्रे असतात आणि त्यासाठी कोणी दंड करीत नाही.

तिने केले ते एवढेच

आता पत्नीची हकीकत. तिच्या पर्समध्ये दोनच उपयोगाच्या वस्तू होत्या : तिचे स्वतःचे सुइका कार्ड आणि हॉटेलचे जपानीत छापलेले भेटकार्ड. दहा मिनिटे ती जागीच थांबली. गर्दी वाढल्यावर ती जिन्याजवळच्या गणवेशधारी कर्मचाऱ्याकडे गेली. प्रथम नमस्कार केला, मग हॉटेलचे कार्ड त्याच्या हाती दिले, स्वतःकडे बोट दाखवले आणि चक्क मराठीत म्हणाली, "मला इथे जायचं आहे."

त्याने कार्ड वाचले, खिशातून वही काढली आणि कागदावर मोठ्या आकड्यांत १७ लिहिले, त्यापुढे बाण काढून ५ लिहिले. पोपटी पट्टीची पाटी दाखवली आणि तिला योग्य दाराशी उभे केले. गाडीत दारावरच्या पडद्यावर क्रमांक उमटत होते : १६, १५, १४… ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. पाचावर उतरली, कार्ड टेकवून बाहेर पडली आणि समोरच्या 'कोबान'मध्ये शिरली.

कोबान म्हणजे चौकाचौकांत असणारी छोटी पोलीस चौकी. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. पत्ता हा विभाग, गट आणि इमारत यांच्या क्रमांकांनी बनतो आणि इमारतींचे क्रमांकही ओळीने असतीलच असे नाही. त्यामुळे वाट विचारणाऱ्याला परिसराचा नकाशा काढून दाखवणे हे तेथील पोलिसांचे नित्याचे काम आहे. पोलिसाने नकाशावर बोटाने वळणे दाखवली आणि कोपऱ्यापर्यंत तो सोबतही आला.

"पण तू मराठीत का बोललीस?" मी विचारले.

"त्यांना तरी कुठे इंग्रजी येत होतं? मग निदान मला येतं त्यात बोलावं. आवाज शांत राहतो," ती म्हणाली.

विचार करता मला जाणवले की, तिने तीन गोष्टी केल्या आणि मी एकही केली नाही. तिने आपली गरज एकच ठेवली, ती कागदावर दाखवली आणि योग्य माणसापुढे मांडली. मी मात्र ज्याला ती भाषा अवगत नाही, त्याच्यापुढे एक लांबलचक कहाणी वाचत होतो.

ताटापुरते भाषांतर

भोजनाच्या बाबतीतही चित्रच उपयोगी पडते. अनेक जपानी उपाहारगृहांच्या दर्शनी काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती किमतीसह मांडलेल्या असतात. ताकिझो इवासाकि यांनी १९३२ साली ओसाकात मेणाच्या अशा प्रतिकृतींचा व्यवसाय सुरू केला. आज त्या प्लास्टिकच्या असतात. वाढणाऱ्याला बाहेर बोलावून बोट दाखवले की काम होते.

शाकाहारी मंडळींनी मात्र दिसण्यावर विसंबू नये. भाजीच्या रश्श्यात, नूडल्सच्या सारात, मिसो सूपमध्येही 'दाशी' असते. हा काढा बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. 'मांस नको' एवढेच सांगितले, तर मासा त्यात येत नाही असा समज होतो. म्हणून 'मांस, मासे, अंडी आणि माशांचा दाशी खात नाही' असे स्पष्ट वाक्य हॉटेलच्या स्वागतकक्षातून जपानीत लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी सर्वत्र दाखवावी. बौद्ध मठांतील 'शोजिन र्योरि' हा पूर्ण शाकाहारी पाकप्रकार आहे. कोयासानसारख्या तीर्थक्षेत्री मठातच मुक्काम करून त्याचा आस्वाद घेता येतो. ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी अशी चिठ्ठी ही सोय नव्हे, सुरक्षा आहे.

पैशांची भाषा

आकडा ही जगाची समाईक लिपी. दुकानदार गणनयंत्रावर रक्कम दाखवतो, आपण गल्ल्यावरील छोट्या तबकात पैसे ठेवतो, शब्दाचीही गरज नसते. एक नाणे तेवढे फसवते. पाच येनचे पितळी, मध्ये भोक असलेले नाणे हे चलनातील असे एकमेव नाणे, ज्यावर किंमत केवळ कांजीत लिहिलेली असते. पन्नास येनच्या नाण्यालाही भोक असते. पण ते रुपेरी असते आणि त्यावर आकडा असतो. जुलै २०२४ मध्ये आलेल्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर एइइचि शिबुसावा यांचे चित्र आहे. १८७३ साली जपानमधील पहिली आधुनिक बँक स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, हे वाचून बँकेच्या ग्राहकांना नक्कीच आनंद होईल.

कार्डांचा वापर तेथे वाढला असला, तरी लहान उपाहारगृहे आणि देवालये येथे रोख रकमेची गरज भासते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएम यंत्रांत परदेशी कार्ड चालते आणि इंग्रजीत सूचना मिळतात. मात्र २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डे मूलतः देशांतर्गत वापरासाठीच कार्यान्वित केलेली असतात. परदेशातील वापराची सुविधा आणि तिची मर्यादा ग्राहकाने स्वतः सुरू करावी लागते. ते निघण्यापूर्वी करावे. परक्या यंत्रासमोर उभे राहून नव्हे. तसेच यंत्राने 'रुपयांत की येनमध्ये?' असे विचारले, तर येन निवडावे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातील विनिमय दर बहुधा महाग पडतो.

देवनागरीची शिदोरी

मराठी माणसापाशी एक दडलेले धन आहे, ते म्हणजे त्याची लिपी. जपानी स्वर आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेची आठवण व्हावी असाच हा क्रम! बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो आला, असे अभ्यासक मानतात. म्हणूनच जपानी शब्द वहीत रोमनपेक्षा देवनागरीत लिहावेत. उच्चार अधिक नेमका होतो. आणि शब्दांची देवाणघेवाण जुनीच आहे. आपली 'रिक्षा' आली ती जपानी 'जिनरिकिशा'वरून, म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी.

पाच-सहा शब्द पुरेत : 'सुमिमासेन' (माफ करा, जरा ऐकता का), 'दोको देसु का' (कोठे आहे), 'इकुरा देसु का' (किती पैसे), 'कोरे ओ कुदासाइ' (हे द्या), 'वाकारिमासेन' (समजले नाही) आणि 'आरिगातो गोझाइमासु' (आभारी आहे). 'देसु'मधील शेवटचा उकार जवळजवळ गिळला जातो.

हातवारे मात्र जपून करावेत. दोन्ही हातांची फुली म्हणजे 'नाही, चालणार नाही'. आपली डावी-उजवी डोलणारी मान तेथे होकार की नकार, हे कोणालाच उमगत नाही. संख्या बोटांनी दाखवण्यापेक्षा लिहून द्यावी. टॅक्सीचे मागचे दार चालक स्वतः उघडतो. आपण ओढू नये. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. लवून मानलेले आभार पुरतात.

इमारतीत शिरल्यावर ध्यानात ठेवावे की, आपला तळमजला तो त्यांचा पहिला मजला.

निघण्यापूर्वी

- हॉटेलचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक जपानी लिपीत छापलेले कार्ड प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळे असावे. टॅक्सीचालकालाही तेच दाखवावे.
- पैसे, कार्ड आणि फोन एकाच व्यक्तीकडे ठेवू नयेत.
- भाषांतराचे ॲप उपयुक्त आहे. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ दिसतो. मात्र जपानी भाषा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावी आणि वाक्ये छोटी ठेवावीत. फोनची बॅटरी संपू शकते. कागदाची संपत नाही.
- औषधांच्या चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. व्यापारी नावे देशोदेशी बदलतात.
- पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका वा अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक पाठ असावेत.
- चुकामूक झाल्यास काय करायचे, हे घरून निघतानाच ठरवावे. आमचा नियम आता असा आहे : जो गाडीत आहे त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबायचे, जो मागे राहिला त्याने पुढच्या गाडीने यायचे, अर्ध्या तासात भेट न झाल्यास दोघांनीही थेट हॉटेल गाठायचे.

भाषा येत नाही म्हणजे आपण मुके झालो, असे नव्हे. आपली गरज काय, हे आपल्याला स्पष्ट ठाऊक असेल आणि समोरच्याला ती डोळ्यांनी दिसेल, तर बहुतेक वेळी वाट सापडते. उरलेली वाट कोणीतरी अनोळखी माणूस कागदावर बाण काढून दाखवतो.

१७ आणि ५ हे आकडे लिहिलेला तो कागद पत्नीने अजून जपून ठेवला आहे. आणि आता आम्ही कोठेही निघालो, अगदी दादर स्थानकावर गाडी बदलायची असली, तरी पाय उचलण्याआधी ती विचारते, "अहो, चुकलो तर कुठे भेटायचं?"